केंद्रावरून गेलेली नोंद सर्व्हरवर का सापडत नाही?

प्रश्नात मांडलेली परिस्थिती थोडक्यात अशी आहे. गावोगावच्या दूध संकलन केंद्रांवर सकाळ-संध्याकाळ दूध घेताना लिटर, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) यांची नोंद एका रास्पबेरी पाय संगणकावर होते, आणि पायथॉनमध्ये लिहिलेला क्लायंट ती नोंद ४जी राउटरमार्फत, टीसीपी (इंटरनेटवर बाइट पोचवण्याचा नियमसंच) कनेक्शनवरून दूध संघाच्या लिनक्स सर्व्हरकडे पाठवतो. सर्व्हरही पायथॉनमध्येच आहे. लॅपटॉपवर दोन्ही प्रोग्राम शेजारी-शेजारी चालवले की सगळे बिनबोभाट चालते. केंद्रावर मात्र कधी दोन नोंदी एकमेकींना चिकटून येतात, तर कधी एकच नोंद अर्धी येते. शेतकऱ्यांची नावे देवनागरीत पाठवायला लागल्यापासून सर्व्हर मध्येच गप्प होतो. संध्याकाळच्या पहिल्या एक-दोन नोंदी क्लायंटच्या लॉगमध्ये ‘पाठवली’ अशा दिसतात, पण डेटाबेसमध्ये नसतात. त्यावर उपाय म्हणून नोंद पुन्हा पाठवण्याची सोय केली तेव्हा काही नोंदी दोनदा पडल्या. शिवाय काही दिवसांनी सर्व्हर ‘टू मेनी ओपन फाइल्स’ असे म्हणून बसतो. नेटवर्क खराब आहे असा प्रश्नकर्त्याचा संशय आहे, आणि ‘टीसीपी नोडिले’ हा (लहान तुकडे साठवून न ठेवता लगेच पाठवण्याचा) पर्याय लावल्याने काही फरक पडेल का, अशी त्यांची विचारणा आहे.

‘नोडिले’ने हा प्रश्न सुटणार नाही, आणि नेटवर्क खराब असले तरी दोष त्याचा नाही. ४जीवर पॅकेटे (डेटाचे तुकडे) हरवणारच, वीज जाणारच, राउटर रीस्टार्ट होणारच. हे सगळे घडत असताना नोंद बिनचूक पोचवणे हेच या प्रोग्रामचे काम आहे. वरची सारी लक्षणे वेगवेगळी दिसत असली तरी टीसीपी जे वचन देत नाही ते त्याने दिले आहे असे गृहीत धरल्यामुळे ती उद्भवली आहेत. टीसीपीचे वचन एवढेच आहे की कनेक्शन जिवंत असेपर्यंत तुम्ही दिलेले बाइट त्याच क्रमाने, गळती न होता आणि दुबार न होता पलीकडच्या यंत्राच्या कर्नलपर्यंत (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यापर्यंत) पोचतील. तुमचा संदेश कोठे सुरू होऊन कोठे संपतो हे त्याला माहीत नसते. पलीकडच्या प्रोग्रामने ते बाइट वाचून डेटाबेसमध्ये घातले की नाही, हे तो सांगत नाही. आणि पलीकडचे यंत्र बंद पडले तर ते तुम्हाला कळवण्याची जबाबदारीही त्याने घेतलेली नाही.

प्रथम चिकटलेल्या आणि तुटलेल्या नोंदींचे पाहू. क्लायंटने तीनदा ‘सेंड’ केले म्हणून सर्व्हरला तीनदा ‘रिसीव्ह’ करावे लागेल, असा कोणताही नियम नाही. सर्व्हर ‘रिसीव्ह’ म्हणतो त्या क्षणी कर्नलच्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, जितके बाइट साचले असतील तितके, पण तुम्ही मागितलेल्या कमाल मर्यादेच्या आत, त्याला मिळतात. लॅपटॉपवर हे लक्षात येत नाही, याचे कारण लिनक्सच्या लूपबॅक इंटरफेसचा (यंत्राने स्वतःशीच बोलण्याच्या वाटेचा) एमटीयू, म्हणजे एका पॅकेटची कमाल मर्यादा, ६५,५३६ बाइटांचा असतो आणि तेथे विलंब जवळजवळ शून्य असतो. त्यामुळे तुमची तीनशे-चारशे बाइटांची नोंद अखंड जाते आणि पुढची नोंद तयार होण्याआधी वाचलीही जाते. बाहेरच्या जगात साध्या इथरनेटचा एमटीयू १५०० बाइट असतो, त्यातून आयपी आणि टीसीपीचे हेडर वजा जाता १४६० बाइट उरतात, आणि मोबाइल नेटवर्कवर हा आकडा बहुधा आणखी खाली येतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे एखादे पॅकेट वाटेत हरवले तर त्याच्या मागून आलेली पॅकेटे सर्व्हरचा कर्नल अडवून ठेवतो, हरवलेले पुन्हा आले की सर्व एकदम मोकळी करतो, आणि तुमच्या ‘रिसीव्ह’च्या हाती एकाच वेळी पाच नोंदी व सहावीचा तुकडा पडतो. ही बिघाडाची स्थिती नव्हे. टीसीपी आपले काम चोख करत असल्याची ती खूण आहे.

तुम्ही दोन ‘सेंड’च्या मध्ये २०० मिलिसेकंदांची ‘स्लीप’ टाकून हे तात्पुरते थांबवले आहे. ती ओळ आजच काढून टाकावी. तिच्यामुळे दोष नाहीसा होत नाही, विरळ होतो. आणि रोज दिसणाऱ्या दोषापेक्षा महिन्यातून एकदा दिसणारा दोष शोधणे कितीतरी अवघड असते. ‘नोडिले’चेही तसेच आहे. जॉन नेगल यांनी १९८४ मध्ये आरएफसी ८९६ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात सुचवलेली पद्धत अशी की आधी पाठवलेल्या बाइटांची पोच येईपर्यंत नवे लहान तुकडे साठवून ठेवावेत आणि मग एकत्र पाठवावेत. ‘नोडिले’ लावले की हे साठवणे बंद होते, पण पॅकेट हरवल्यामुळे किंवा सर्व्हर कामात असल्यामुळे होणारे चिकटणे थांबत नाही, आणि तुटण्यावर तर त्याचा काडीचाही परिणाम होत नाही. क्लायंट लहान प्रश्न पाठवून लगेच उत्तराची वाट पाहत असेल आणि प्रत्येक फेरीला चाळीसेक मिलिसेकंद उगाच लागत असतील, तर हा पर्याय उपयोगी आहे. तुमची गरज ती नाही.

खरा उपाय म्हणजे संदेशाची सीमा तुम्ही स्वतः आखणे. त्याचे दोन रूढ मार्ग आहेत: प्रत्येक संदेशाआधी त्याची लांबी पाठवणे, किंवा प्रत्येक संदेशाच्या शेवटी ठरावीक खूण ठेवणे. तुम्ही लांबीचा मार्ग धरला आहे. चार बाइटांत, मोठा बाइट आधी या नेटवर्कच्या क्रमाने, लांबी लिहिली आहे, आणि येथवर ते योग्य आहे. मात्र ती लांबी मजकुराचे बाइटांत रूपांतर करण्याआधी मोजली आहे, आणि देवनागरी नावांनी सर्व्हर गप्प होण्याचे मूळ तेथे आहे.

हे एका नावावर करून पाहण्यासारखे आहे. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव आपल्याला चार अक्षरांचे दिसते. युनिकोडच्या हिशेबाने त्यात दहा घटक आहेत, कारण काना, मात्रा आणि हलंत स्वतंत्र मोजले जातात. पायथॉनचे ‘लेन’ १० असेच उत्तर देते. यूटीएफ-८ या बाइटांत लिहिण्याच्या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक घटक तीन बाइट घेतो, म्हणजे प्रत्यक्ष तारेवरून ३० बाइट जातात. समजा संदेशात एवढे एकच नाव आहे. सर्व्हरने लांबी १० वाचली, १० बाइट घेतले, आणि त्यात ज, हलंत, ञ हे तीन घटक व कान्याचा पहिला बाइट आला. येथेच डीकोडिंगची चूक निघते. तुम्ही ती ‘इग्नोर’ करून टाकली असल्यामुळे लॉगमध्ये काहीच आले नाही. पुढचे चार बाइट सर्व्हरला नव्या संदेशाची लांबी वाटतात. वस्तुतः ते कान्याचे उरलेले दोन आणि ‘न’चे पहिले दोन बाइट आहेत, आणि पूर्णांक म्हणून वाचल्यास त्यांची किंमत २,७६,३९,७२,७७२ भरते. म्हणजे तुमचा सर्व्हर गप्प झालेला नाही, तो पावणेतीन अब्ज बाइटांची वाट पाहत आहे.

रोमन लिपीतल्या नावांना हे का झाले नाही, ते उघड आहे: तेथे एका अक्षराला एक बाइट. पण देवनागरी नावेही सुरुवातीला चालली होती असे तुम्ही लिहिले आहे, आणि त्याचे कारण गमतीचे आहे. पायथॉनचे जेसन (डेटा मजकुराच्या रूपात लिहिण्याची पद्धत) मॉड्यूल मूळ मांडणीत देवनागरीचा प्रत्येक घटक सहा रोमन चिन्हांच्या एस्केपमध्ये, म्हणजे पर्यायी संकेतात, लिहिते, त्यामुळे घटकांची संख्या आणि बाइटांची संख्या जुळत होती. लॉगमध्ये नावे वाचता यावीत म्हणून तुम्ही ‘एन्शुअर आस्की’ हा पर्याय बंद केला, तेव्हा दोन्ही आकडे वेगळे झाले. तो पर्याय बंदच राहू द्या, नावे वाचता यायलाच हवीत. फक्त मजकूर आधी ‘एन्कोड’ करावा आणि मग त्या बाइटांची लांबी मोजावी. वाचताना आधी चार बाइट पुरे होईपर्यंत आणि नंतर सांगितलेली लांबी पुरी होईपर्यंत लूपमध्ये वाचत राहावे, आणि पूर्ण संदेश हाती आल्यावरच ‘डीकोड’ करावे, कारण तुकडा एखाद्या घटकाच्या मधोमधही तुटू शकतो. लांबीला वाजवी कमाल मर्यादा घालावी, म्हणजे ६४ किलोबाइटांपेक्षा मोठा आकडा आला तर सर्व्हरने तो लॉगमध्ये लिहून कनेक्शन बंद करावे. पाठवताना ‘सेंड’ऐवजी ‘सेंडऑल’ वापरावे, कारण ‘सेंड’ दिलेल्यापैकी काही बाइट घेऊन परतू शकतो आणि किती घेतले ते तपासण्याचे काम तुमच्यावर टाकतो.

माझे मत विचाराल तर या कामासाठी मी शेवटच्या खुणेचा मार्ग घेतला असता: एका ओळीत एक जेसन, शेवटी नवी ओळ. जेसनच्या नियमानुसार मजकुरातली नवी ओळ एस्केप करावीच लागते, त्यामुळे खुणेचा घोटाळा होत नाही. आणि अडचणीच्या वेळी पकडलेला डेटा डोळ्यांनी वाचता येतो.

आता संध्याकाळच्या हरवलेल्या नोंदी. या प्रश्नातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे, कारण येथे एररसुद्धा येत नाही. सकाळचे संकलन आटोपल्यावर संध्याकाळपर्यंत क्लायंटने कनेक्शन उघडे ठेवलेले आहे आणि त्यावरून कित्येक तास एकही बाइट गेलेला नाही. तुमचे ४जी सिम बहुधा कंपनीच्या सामायिक पत्त्यामागे आहे. राउटरला मिळालेला पत्ता १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या पट्ट्यात असेल तर शंकाच नको, कारण २०१२ मध्ये आरएफसी ६५९८ ने तो पट्टा याच कामासाठी राखून ठेवला आहे. अशा व्यवस्थेत एक नॅट (पत्ता बदलून देणारे) यंत्र हजारो ग्राहकांच्या कनेक्शनांची नोंदवही ठेवते आणि बराच वेळ शांत असलेली कनेक्शने त्यातून खोडून टाकते. २००८ च्या आरएफसी ५३८२ ने ही मुदत किमान २ तास ४ मिनिटे असावी असे सांगितले आहे, पण प्रत्यक्षात अनेक यंत्रे काही मिनिटांतच हात झटकतात. क्लाउडमधली यंत्रेही याला अपवाद नाहीत: अ‍ॅमेझॉनच्या नॅट गेटवेची मुदत ३५० सेकंद आहे आणि अझूरच्या लोड बॅलन्सरची मूळ मुदत ४ मिनिटे. नोंद खोडल्याचे केंद्राला कळवले जात नाही, सर्व्हरलाही नाही. दोन्हीकडे ‘एस्टॅब्लिश्ड’ (जोडलेले) दिसत राहते.

संध्याकाळी पहिले दूध येते. क्लायंट ‘सेंडऑल’ करतो, ते यशस्वी होते, आणि लॉगमध्ये ‘पाठवली’ असे उमटते. येथे नीट लक्ष द्यावे: ‘सेंडऑल’ यशस्वी होणे म्हणजे बाइट तुमच्याच यंत्राच्या कर्नलच्या बफरमध्ये उतरणे, त्यापलीकडे काहीही नाही. ते पॅकेट नॅट यंत्रापाशी पोचल्यावर दोनपैकी एक गोष्ट होते. ते यंत्र रीसेट पाठवते, आणि मग तुमच्या पुढच्या ‘सेंड’ला ‘कनेक्शन रीसेट’ किंवा ‘ब्रोकन पाइप’ ही चूक मिळते. म्हणजे पहिली नोंद गायब, दुसरीला एरर, मग नवे कनेक्शन आणि तिसरीपासून सुरळीत. तुम्ही सांगितलेले लक्षण नेमके हेच आहे. किंवा ते यंत्र पॅकेट मुकाट्याने टाकून देते. तेव्हा लिनक्स तेच पॅकेट वाढत्या अंतराने पुन्हा पुन्हा पाठवत राहतो, आणि मूळ मांडणीत हार मानायला त्याला पंधरा मिनिटांहून अधिक वेळ लागतो. तेवढ्या वेळात रांगेतल्या सगळ्या शेतकऱ्यांच्या नोंदी ‘पाठवली’ म्हणून लॉगमध्ये चढलेल्या असतात आणि त्यांपैकी एकही सर्व्हरपर्यंत पोचलेली नसते.

टीसीपीचा कीप-अलाइव्ह (शांत कनेक्शन जिवंत आहे का ते तपासण्याची सोय) लावूनही हे का झाले, असा तुमचा उपप्रश्न आहे. लिनक्सवर कीप-अलाइव्हची पहिली चाचणी मूळ मांडणीत ७२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी जाते, आणि नंतर ७५ सेकंदांच्या अंतराने नऊ चाचण्या फुकट गेल्यावर कनेक्शन मेल्याचे जाहीर होते. नॅटने तोवर कधीच विसरून टाकलेले असते. सॉकेटवर, म्हणजे कनेक्शनच्या प्रोग्राममधल्या टोकावर, ही मुदत साठेक सेकंदांवर आणता येते आणि तशी आणावी. पण दिवसभर कनेक्शन धरून ठेवायचेच कशाला, असा माझा उलट प्रश्न आहे. संकलन सुरू झाले की उघडावे, थोडा वेळ नोंद आली नाही की बंद करावे. उघडे कनेक्शन जपणे हे चॅटसारख्या प्रोग्रामचे दुखणे आहे, ते येथे ओढवून घेण्याचे कारण नाही.

कनेक्शन कसेही ठेवले तरी पोचपावती तुम्हाला स्वतःच आणावी लागेल. टीसीपीची पोच एका कर्नलने दुसऱ्या कर्नलला दिलेली असते. पलीकडचा प्रोग्राम त्यानंतर पुढच्या क्षणाला कोसळला तरी ती पोच खरीच असते. म्हणून केंद्रावर प्रत्येक नोंद आधी एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसच्या टेबलमध्ये ‘पाठवायची’ या स्थितीत लिहावी आणि मगच नेटवर्ककडे वळावे. सर्व्हरने ती डेटाबेसमध्ये लिहून, कमिट (नोंद कायमची पक्की होणे) पूर्ण झाल्यावर, त्या नोंदीचा क्रमांक असलेले उत्तर पाठवावे. ते उत्तर हाती आले की क्लायंटने नोंदीची स्थिती बदलावी, त्याआधी नाही. लॉगमधला ‘पाठवली’ हा शब्दही बदलून ‘पोच आली’ असा करावा, आणि तोही उत्तर आल्यावरच लिहावा.

दोनदा पडणाऱ्या नोंदींचे उत्तर यातच आहे. सर्व्हरने नोंद लिहिली, कमिट केली, आणि उत्तर परत येताना वाटेत हरवले, तर क्लायंटच्या बाजूने पाहता ही स्थिती आणि नोंद मुळात पोचलीच नाही ही स्थिती अगदी सारखी दिसते. दोन्हींत फरक करण्याचा मार्ग क्लायंटपाशी नाही, कितीही हुशारी केली तरी नाही. म्हणून त्याने पुन्हा पाठवावेच, आणि दुबार आलेली नोंद ओळखण्याचे काम सर्व्हरवर सोपवावे. त्यासाठी प्रत्येक नोंदीला एक अनन्य क्रमांक हवा, आणि तो दुधाचे माप होताच ठरायला हवा. तुमच्या कोडमध्ये हा क्रमांक ‘पाठवा’ या फंक्शनच्या आत तयार होतो, त्यामुळे प्रत्येक प्रयत्नाला नवा क्रमांक मिळतो आणि सर्व्हरला प्रत्येक वेळी नवीच नोंद दिसते. तो बाहेर, नोंद टेबलमध्ये जाते त्या ओळीवर आणावा, आणि सर्व्हरच्या डेटाबेसमध्ये त्या रकान्यावर युनिक बंधन घालावे. दुबार नोंद आली की सर्व्हरने एरर पाठवू नये, पहिल्या वेळेसारखीच पोच पाठवावी; येथे एरर पाठवली की क्लायंट तीच नोंद जन्मभर पाठवत बसतो. शेतकऱ्याचे बिल या टेबलावरून निघते. वीस लिटर दूध बिलात चाळीस लागले तर ते कदाचित कोणी सांगणार नाही, पण शून्य लागले तर दुसऱ्या दिवशी केंद्रचालकाला जाब द्यावा लागतो, म्हणून शंका आली तर पुन्हा पाठवण्याकडेच झुकावे.

क्रमांकाबरोबर मापाची वेळही केंद्रावरचीच जावी. सर्व्हरवर पोचण्याची वेळ धरली तर रात्री रेंज नसल्यामुळे अडकलेली संध्याकाळची नोंद दुसऱ्या दिवशी सकाळच्या खात्यात जाईल. यात एक खाचखळगा आहे: रास्पबेरी पायच्या चौथ्या पिढीपर्यंतच्या संगणकांत बॅटरीवर चालणारे घड्याळ नाही, आणि पाचव्या पिढीत घड्याळ आले तरी बॅटरी वेगळी घ्यावी लागते. वीज जाऊन आली आणि इंटरनेट नसेल तर तो जुन्याच वेळेपासून पुढे चालू लागतो. घड्याळाचे छोटे मॉड्यूल जोडणे हा स्वस्त उपाय आहे. तोवर नोंदीत सकाळ-संध्याकाळ हे सत्र केंद्रचालकाच्या निवडीप्रमाणे वेगळे पाठवत जावे.

सर्व्हरच्या ‘टू मेनी ओपन फाइल्स’कडे वळू. लिनक्सवर एका प्रोसेसला एका वेळी उघडता येणाऱ्या फाइल आणि सॉकेटांची मर्यादा अनेकदा १०२४ असते. ती वाढवून घेणे म्हणजे बिघाडाची तारीख पुढे ढकलणे. त्याऐवजी सर्व्हर अडला असेल तेव्हा ‘एसएस’ या आदेशाने कनेक्शनांची यादी काढावी आणि ती कोणत्या स्थितीत आहेत ते पाहावे. ‘क्लोज-वेट’चा ढीग दिसला तर दोष निःसंशय तुमच्या कोडमध्ये आहे: पलीकडच्याने कनेक्शन बंद केले, कर्नलने ते तुम्हाला कळवले, आणि तुम्ही अजून ‘क्लोज’ म्हटलेले नाही. पायथॉनमध्ये ‘रिसीव्ह’ने रिकामे बाइट दिले की पलीकडून समाप्ती झाली असे समजायचे असते. तुमचा थ्रेड तेथे लूपमधून बाहेर पडतो हे बरोबर आहे, पण ते सॉकेट जोडलेल्या केंद्रांच्या ग्लोबल यादीत तसेच राहते, आणि यादीत संदर्भ शिल्लक असेपर्यंत पायथॉन ते आपणहून बंद करत नाही. यादीतून काढणे आणि ‘क्लोज’ करणे, दोन्ही ‘फायनली’ (चूक आली तरी चालणाऱ्या) भागात जायला हवे.

मात्र ‘एस्टॅब्लिश्ड’चीच संख्या केंद्रांच्या कितीतरी पट दिसली तर दुखणे वेगळे आहे. केंद्रावरची वीज गेली की समाप्तीचे पॅकेट पाठवायला कोणी उरत नाही. वीज आल्यावर क्लायंट नवे कनेक्शन उघडतो आणि जुने सर्व्हरवर तसेच राहते. सर्व्हर नुसता वाचण्यासाठी थांबलेला असतो, तो स्वतः काही पाठवत नाही, त्यामुळे पलीकडे कोणी नाही हे त्याला कधीच कळत नाही. दिवसातून दोन-तीनदा वीज जाणाऱ्या गावांत असे मृत कनेक्शन साचायला वेळ लागत नाही. वाचण्यावर काही मिनिटांची टाइमआउट लावली की हा प्रश्न मिटतो, आणि वर सुचवल्याप्रमाणे कनेक्शन अल्पकाळाचे केले की टाइमआउट कडक ठेवायलाही हरकत नसते.

सर्व्हर रीस्टार्ट करताना येणारी ‘अ‍ॅड्रेस ऑलरेडी इन यूज’ ही चूक तुम्ही जाता जाता नोंदवली आहे. जी बाजू आधी कनेक्शन बंद करते तिच्याकडे ते ‘टाइम-वेट’मध्ये राहते, लिनक्सवर ६० सेकंद, जुनी भरकटलेली पॅकेटे नव्या कनेक्शनमध्ये शिरू नयेत म्हणून हा काळ ठेवलेला आहे. ‘बाइंड’च्या आधी ‘रीयूज अ‍ॅड्रेस’ पर्याय लावावा. विंडोजवर मात्र याच पर्यायाचा अर्थ निराळा आहे, तेथे दुसरा प्रोग्राम तुमचे चालू पोर्ट बळकावू शकतो, त्यामुळे सर्व्हर कधी विंडोजवर न्यायचा झाल्यास हे आठवणीत असू द्यावे.

हे सगळे पटले तरी तुमच्या केंद्रावर नेमके काय घडते आहे ते स्वतः पाहिल्याशिवाय कोडला हात लावू नये, असा माझा आग्रह राहील. पाहण्याची जागा म्हणजे कर्नल आणि तार. प्रोग्रामचे लॉग नव्हेत, कारण लॉग तुमच्या समजुतीच लिहून ठेवतात. ‘एसएस’च्या यादीत प्रत्येक कनेक्शनसमोर दोन रांगांचे आकडे असतात. केंद्रावर सेंड-क्यू शून्यावर येत नसेल तर बाइट निघाले आहेत पण पलीकडून पोच आलेली नाही. सर्व्हरवर रिसीव्ह-क्यू वाढत असेल तर बाइट आले आहेत पण तुमचा प्रोग्राम ते वाचत नाही. या दोन आकड्यांवरून अर्धे वाद मिटतात, आणि त्यांना मिनिटभराहून जास्त वेळ लागत नाही. त्यानंतर ‘टीसीपीडंप’ने केंद्रावर आणि सर्व्हरवर एकाच वेळी पॅकेटे पकडावीत आणि दोन्ही फाइली वायरशार्क या पॅकेटे वाचण्याच्या प्रोग्राममध्ये शेजारी उघडाव्यात. नॅटमुळे केंद्राचा पत्ता आणि पोर्ट दोन्हीकडे वेगवेगळे दिसतील, म्हणून जुळणी सीक्वेन्स क्रमांकांवरून किंवा मजकुरावरून करावी. केंद्रावर तेच पॅकेट वारंवार निघताना दिसले आणि सर्व्हरवर ते एकदाही आले नसेल तर ते वाटेत मेले. सर्व्हरवर आले, त्याची पोचही गेली, आणि डेटाबेसमध्ये नोंद नाही, तर नेटवर्कचा विषय तेथेच संपला.

वायरशार्क प्रथमच वापरणाऱ्याला दोन गोष्टी हमखास फसवतात. बाहेर जाणाऱ्या पॅकेटांवर चेकसम (बाइट बिघडले का ते तपासण्याचा आकडा) चुकल्याची नोंद दिसते, आणि १५०० बाइटांहून मोठी पॅकेटे दिसतात. दोन्ही गोष्टी निरुपद्रवी आहेत: चेकसम काढणे आणि मोठ्या तुकड्याची विभागणी करणे ही कामे नेटवर्क कार्ड करते, आणि पकड त्याच्या आधी होत असते.

लॅपटॉपवर हे दोष उभे करणेही शक्य आहे, आणि दुरुस्तीनंतर ते करून पाहिल्याशिवाय नवा क्लायंट केंद्रावर पाठवू नये. लिनक्सच्या ‘टीसी’ आदेशातला ‘नेटएम’ हा भाग लूपबॅकवर दीडशे मिलिसेकंदांचा विलंब आणि पाच टक्के गळती लावून देतो. नॅट विसरल्याची स्थिती हवी असेल तर कनेक्शन चालू असताना आयपीटेबल्स या लिनक्सच्या फायरवॉलमध्ये त्या पोर्टची पॅकेटे मुकाट टाकण्याचा नियम घालावा. केबल उपटून ही चाचणी नीट होत नाही, कारण तेव्हा तुमच्या यंत्रालाच लिंक तुटल्याचे कळते. याखेरीज दोन अगदी साधे चाचणी-क्लायंट लिहावेत: एक पूर्ण नोंद एकेक बाइट करून पाठवणारा, आणि दुसरा दहा नोंदी एकाच ‘सेंड’मध्ये कोंबणारा. दोन्हींत ‘ज्ञानेश्वर’सारखी जोडाक्षरी नावे असावीत. या दोघांपुढे टिकलेला सर्व्हर ४जीपुढे टिकतो.

आणखी एक, तुम्ही न विचारलेले. तुमच्या नोंदी साध्या टीसीपीवरून उघड्या जातात. त्यांत शेतकऱ्याचे नाव आहे आणि पैशांचा हिशेब आहे. टीएलएस (कनेक्शनचे एन्क्रिप्शन) लावावाच लागेल. आणि तो लावायचाच असेल तर स्वतःचा प्रोटोकॉल सोडून एचटीटीपीएसवर साधी पोस्ट विनंती पाठवण्याचा विचार जरूर करावा. संदेशाची सीमा, टाइमआउट आणि एन्क्रिप्शन तेथे आयते मिळते, आणि केंद्रावरच्या राउटरांना तेच पोर्ट सर्वांत ओळखीचे असते. अनन्य क्रमांक, एसक्यूलाइटमधली रांग आणि कमिटनंतरचे उत्तर हे तिन्ही मात्र एचटीटीपीएसवरही तसेच लागतील, म्हणून आधी ते उभे करावे. वाहतुकीचा भाग मागून बदलता येतो.

सगळी केंद्रे एका दिवशी अद्ययावत होणार नाहीत, म्हणून नवा सर्व्हर वेगळ्या पोर्टवर चालू करावा आणि जुना तसाच राहू द्यावा. प्रत्येक केंद्र हलवल्यावर काही दिवस केंद्रावरच्या टेबलमधली सत्रवार नोंदसंख्या आणि लिटरांची बेरीज सर्व्हरवरच्या आकड्यांशी ताडून पाहावी, आणि दोन्ही जुळल्यावरच पुढच्या गावाकडे जावे.